देवाजी पेंटरचे मुखवटे

देवाजी पेंटर डोळे सगळ्यांत शेवटी काढायचा. दुकानाची पाटी असो की श्रद्धांजलीचा बोर्ड, चेहरा पुरा करायचा, बिडी ओढायचा, मग डोळे. "डोळे उघडले का बोर्ड जिता होते, लहानूभाऊ," मला म्हणायचा. गोंडपिपरीच्या रस्त्यावर निम्म्या पाट्या त्याच्याच. फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बसला.

मग आमच्या गावाला वाघ लागला. वाघ मागून धरतो. म्हणून जंगलात जाणाऱ्यांनी डोक्यामागं मुखवटा बांधायचा, असं ठरलं. काम देवाजीला मिळालं. त्यानं सगळ्यांवर एकच चेहरा काढला, मिशीवाला, डोळे वटारलेला.

माझी बायको अनुसया मुखवटा बांधून त्याच्यापुढं उभी राहिली.

"पेंटरभाऊ, बाईच्या डोक्याले मिशा काऊन लावल्या?"

"वाघ भेला पायजे, वहिनी."

"वाघाचं राहू द्या, आमचे हेच भेऊन राह्यले."

बाया खूप हसल्या.

मोहफुलं वेचताना वाघानं तिला मागूनच धरली. मुखवटा डोक्याला तसाच होता. देवाजीनं तो सोडून घेतला, त्याच्या मिशीवरचं रक्त पाहिलं. "याच्या भरोशावर वहिनीनं मांगं पाह्यलं नाई," एवढंच बोलला.

त्यानंतर त्यानं एकही पाटी घेतली नाही. घरात बसून जुन्या पत्र्यांवर आपल्या मनानं चित्रं काढायचा. जंगलात वाकलेल्या बाया, सगळ्या पाठमोऱ्या. लोक टोमणे मारत, "पेंटर, तोंड कुठी गेलं?"

"तोंडं लय काढली. वाघानं एक नाई मानलं."

माझ्याकडं अनुसयेचा धड फोटो नाही. आधार कार्डावरची बाई मला ओळखू येत नाही. तिची सूरत डोळ्यांपुढून पुसट होत चालली होती, त्याचीच मला धास्ती. "देवाजी, तिचं तोंड काढून दे," मी म्हणायचो.

"माह्या हातानं होत नाई, भाऊ."

मी शिव्या दिल्या. तरी जात राहिलो.

या उन्हाळ्यात देवाजी मेला. छाती सडली होती. त्याच्या बायकोनं एक पत्रा आणून दिला. "हे तुमचं आहे म्हणत होते."

मोहाचं झाड, टोपली, पाठमोरी बसलेली अनुसया. डोक्याला मुखवटा नाही. मान वळवून मागं पाहते आहे. तिचंच तोंड, नाकातल्या खड्यासकट. डोळे उघडे.

पत्रा भिंतीला टेकवून ठेवला आहे. ती जिथं पाहते, तिथं वाघ होता. आता तिथं मी जेवायला बसतो.