मामांच्या दोन गाड्या

मी आज जो काही आहे तो माझ्या मामांमुळे, आणि आयुष्यात मला एवढे धक्केही दुसऱ्या कोणी दिलेले नाहीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. मासेमारीच्या होडीवर राबून माझी फी भरणारे मामा दोन सदऱ्यांवर वर्ष काढत आणि चपलेचा अंगठा तुटला तर जाळ्याच्या दोऱ्याने शिवत. असा माणूस साठी उलटल्यावर रिमोटवर चालणाऱ्या गाड्या विकत घेईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्या सांगणाऱ्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं. मागच्या मे महिन्यात मालवणला गेलो, तर मामा अंगणात रिमोट धरून उभे. मी उंबऱ्यावरच बसलो. "खेळणा म्हणा नको हां भाच्या," ते म्हणाले. "ही हौसेची गाडी. मोडली तर सुटे भाग मिळतत."

एक गाडी होती गुळगुळीत रस्त्यावरची. चपटी, पोट जमिनीला टेकेल की काय अशी. दुसरी वाळू-खडकांतली, जाड टायरांची, चारी पायांत स्प्रिंगा. यांत टिकाऊ कोणती, हे ठरवल्याशिवाय मामांना अन्न गोड लागेना. आणि चाचणीआधी देवाला गाऱ्हाणं घालायचंच. "बा देवा म्हाराजा, आज ही गाडी जेटीच्या रस्त्यार धावतली. काय मोडाचा तां गाडयेचा मोडांदे, माणसाचा हाड मोडांदे नको."

"व्हय म्हाराजा," मामी चुलीजवळून म्हणाल्या, "आणि गाडी मोडली तर हेंका जेवाण नको."

गाडी मोडली. गोळीसारखी सुटली आणि गतिरोधकाने तिचं नाक उडवलं. मामांनी होडीला लावतात तो फायबर लावून नवं नाक केलं. ते इतकं जड झालं की गाडी चालताना सारखी जमिनीला नमस्कार करू लागली.

दुसरी मात्र दगडांवरून उलटून पडली तरी उठून धावे. मामा खूश. पण चार दिवस किनाऱ्यावर पळाल्यावर तीही करकरू लागली. खारी वाळू चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरली होती. "रस्त्यावरची आपटान मरता, वाळूतली मिठान," मामा गंभीरपणे म्हणाले. आणि होडीच्या लाकडाला देतात तसं मोरी माशाचं तेल त्यांनी त्या गाडीला नखशिखांत चोपडलं.

पुढचं दृश्य आठवलं की अजून माझं तोंड उघडं राहतं. गाडी पुढे आणि वाडीतली झाडून सारी मांजरं मागे. मामांनी घाबरून गाडी घराकडे वळवली, ती थेट अंगणात मामींनी वाळत घातलेल्या बांगडा माशांवर. मांजरांनी मग गाडीचा नाद सोडला. पावसाळ्याची बेगमी डोळ्यांदेखत गेली.

मामी ओरडल्या नाहीत. "आता तुमच्यो गाडयो रवतल्यो, नायतर मी," एवढंच म्हणाल्या. मामांनी दोन्ही गाड्या पुसल्या आणि खोक्यात घालून माळ्यावर ठेवल्या.

परवा मामींचा फोन आला. "मी रागान बोललंय रे. ते खरेच गप झाले. आंगणात नुसते बसान रवतत. दुसरीत शाळा सोडून होडयेर गेलेलो माणूस, खेळलो कधी? बांगडे मी गच्चीर घालीन, तूच सांग तेंका."

मामा कष्टाळू, मामा हट्टी, हे मी सगळ्यांकडून ऐकत आलो. ते कधी खेळलेच नव्हते, हे कोणी बोललं नव्हतं. मामांशी बोलावं, तर ते "बरा आसा" म्हणून फोन ठेवतात. म्हणून पत्र लिहिलं.

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

सोबत नवे बेअरिंग, एक नाक आणि गाडीचं तेल पाठवत आहे. मामी यंदा बांगडे गच्चीवर वाळवणार आहेत. अंगण त्यांनी तुम्हाला सोडलं आहे, पण तोंडाने सांगायला त्यांना लाज वाटते. टिकाऊ कोणती, याचा निकाल अजून लागलेला नाही. आमच्यासाठी तुम्ही जन्मभर प्रत्येक वस्तू जपून वापरलीत. या दोन गाड्या जपू नका.

आपला,
भाचा