पाण्याचा मग

लालबागच्या बाजारात एक मावशी फुटपाथवर स्वयंपाकाचं सामान मांडून बसतात. त्यांच्यापुढे पाण्याने भरलेला एक मग कायम असतो. तो पिण्यासाठी असेल असं मला वाटायचं.

मुंबईत आल्यावर पहिल्यांदा गावी जाताना आईसाठी सांडशी घ्यायला मी तिथे थांबले. आईच्या हातात आता जोर राहिलेला नाही. फडक्याने चहाचं पातेलं उतरवताना ती दोनदा भाजली होती. पण आठवीतून शाळा सोडून मुंबईला गेलेली मुलगी काय घेऊन आली, हे शेजारपाजारही बघणार, ही धास्ती होती. म्हणून मी खोक्यातली लाल मुठीची, चकचकीत सांडशी उचलली.

मावशींनी मग पुढे केला. "आधी हात ओले कर गो. रांधताना कोणाचे हात कोरडे असतत?"

ओल्या हातात लाल मूठ सटकली. मग त्यांनी एक रुंद दांड्यांची, तिच्याहून स्वस्त सांडशी दिली. त्यांनी पुढे ठेवलेलं पाण्याचं पातेलं मी तिने सहज उचललं.

"अगदीच साधी दिसते हो, मावशी."

"आई काय ती शोकेसमध्ये ठेवणार आहे?"

घरी पोचले तेव्हा आई तांदूळ धूत होती आणि चहा उतू चालला होता. मी सांडशी पुढे केली. तिने हात न पुसताच ती घेतली, पातेलं उतरवलं आणि मला बघायला आलेल्या शेजारणीला म्हणाली, "पोरगी वाळलीय बघा." सांडशीकडे कोणी पाहिलंही नाही.

परतल्यावर मी हे मावशींना सांगितलं. त्या हसल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकापुढे मग सरकवला.