आली का? कुठवर आली?

पुण्याहून निघाले तेव्हा पिशवीत दोन पातळं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डाव्या हाताने लिहिलेला एक पत्ता होता. डाव्या हाताने, कारण उजव्या हाताची पहिली तीन बोटं दिवाळीपासून मेल्यासारखी पडली होती. तीस वर्षं मी ब्लाउज शिवते. मशीन पायाने चालतं हो, पण काजं, हुक, हातशिलाई सगळं बोटांवर. एके दिवशी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या ब्लाउजवर रक्ताचे ठिपके पडले, तेव्हा कुठे कळलं की सुई मलाच लागत होती. हाडांचे डॉक्टर झाले, तेल झालं, शेक झाला. शेवटी शेजारच्या मास्तरांनी सांगितलं की खालापूरच्या अंगाला एक डॉक्टर आहेत, परदेशात शिकून आलेत, सुया टोचून बरं करतात. "जन्मभर मी सुई टोचली, आता मलाच टोचून घेऊ?" असं त्यांना फाडकन बोलले, आणि आठवड्याने गुपचूप पनवेलच्या एस.टी.त बसले.

घाट उतरेपर्यंत कानांना दडे बसले होते. शिळफाट्याला उतरून चहा घेतला आणि चहावाल्याला पत्ता दाखवला.

"सुईवाल्या डाक्टरकडं? कितवी खेप?"

"पहिलीच."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "मंग अजून एकल्याच हाय तुमी."

मेल्याला काय करायचंय मी एकटी की दुकटी! मी चहा अर्धा टाकून उठले.

टेंपोने आत सोडलं तेव्हा दुपार टळटळीत होती. वैशाखातली शेतं उघडी, मधेच काळे चौकोन. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, त्याला इकडे राब म्हणतात. धुराचा वास सगळीकडे, माणूस मात्र एक दिसेना. वाटेने जाताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडले.

डॉक्टरांचं घर कौलारू होतं. पडवीत एक लांब बाक, त्यावर चार बाया, आणि मधोमध एक जागा रिकामी. मी तिथे टेकणार, तोच कुणीतरी माझा पदर धरला.

"तितं नको, ताई. ती जागा हाय कुणाची. हितं बसा."

ती पार्वतीबाई, जवळच्याच गावची शेतकरीण, पन्नाशीची, हातात हिरव्या बांगड्या. मी तिच्या शेजारी बसले. आत पडद्यामागे आवाज चालला होता.

"आली का?" हा पुरुषाचा.

"नाय."

"आता?"

"आली."

"कुठवर आली?"

"गुडघ्यापतूर (गुडघ्यापर्यंत) आली."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. थोड्या वेळाने पडदा सरला आणि आतली बाई बाहेर आली. बाकावरच्या साऱ्याजणींनी पाय आखडून वाट दिली. एकीपुरती नव्हे, दोघींपुरती दिली.

डॉक्टर मात्र साधा, शांत माणूस निघाला. "पोटात काही आहे ना? उपाशीपोटी मी सुई लावत नाही, घेरी येते." दशम्या खाल्ल्यात म्हटल्यावर त्यांनी सुयांचा डबा दाखवला. सगळ्या उकळलेल्या, केसाइतक्या बारीक. म्हणाले, चिनी पद्धतीत सुई खोल जाते आणि हळूहळू फिरवतात, जपानी पद्धतीत ती जेमतेम कातडीत शिरते, कळतसुद्धा नाही. काहींना नुसत्या कानात लावतात, काहींना नागदवण्याच्या वाळवलेल्या औषधी पाल्याची कांडी पेटवून लांबून शेक देतात. वीस मिनिटं निपचित पडायचं. "गुण येईलच असं मी कुणाला सांगत नाही. काहींना येतो, काहींना नाही. आत जडपणा, झिणझिणी आली तर मला सांगायचं. म्हणून विचारतो, आली का."

"अहो, मग झिणझिणी म्हणा की स्पष्ट! बाहेर बायका भलतंच समजतात."

ते हसले. "तसंही म्हणून पाहिलं, कुणाला उमगेना. 'मुंग्या आल्या का' असंही विचारलं, तर सगळ्या पदर झटकायला लागल्या. 'आली का' म्हटलं की बरोबर सांगतात. कुठे आली, कुठवर आली, इंचाइंचाने."

चार सुया लावल्या, फिरवल्या. आली का? नाही. आता? नाही. पहिला दिवस असा गेला. "तीन दिवस बघू," डॉक्टर म्हणाले.

उतरायला गावात काही नव्हतं, पार्वतीबाईच घरी घेऊन गेली. चुलीपुढे बसून तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. उजवा हात असा भराभर फिरत होता की मला, खरं सांगते, असूया वाटली. भाकरी, वालाची उसळ आणि सुकट, असं जेवण मी वर्षभरात जेवले नव्हते.

"ह्यो हात पौषात लाकूड झाल्ता," ती म्हणाली. "पाचव्या खेपंला ती आली. आता आवणी (भाताची लावणी) आली तरी भ्या नाय. घरात मी आन् सून, दोघीच. माझा हात नसला तं सून एकली काय करंल?"

"अहो पार्वतीबाई, 'ती' म्हणजे झिणझिणी! डॉक्टरांनीच सांगितलं मला."

"डाक्टर बोलवतो तिला. वळखत नाय." तिने भाकरी उलटली. "पायाची येगळी, पन हाताची एकच हाय ती. आमच्या बाकावर फिरते. एकीला आली, तं दुसरीची गेली."

मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सुया लावून डॉक्टर हात धुवायला मागच्या दारी गेले. पाण्याचा आवाज मला तिथून ऐकू येत होता. डोळे मिटून पडले होते, तेवढ्यात कानाजवळ कुणीतरी हलकेच विचारलं, "येऊ का?"

मला वाटलं डॉक्टर. "या की," म्हटलं, आणि डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. मागे पाणी पडतच होतं. पडदा हलत होता म्हणावं, तर तोही हलत नव्हता. मी पार घाबरले, उठावंसं वाटलं, पण हातात सुया. वीस मिनिटं रामरक्षा म्हणत पडले.

तिसऱ्या दिवशी पहिल्याच सुईला मनगटात काहीतरी जागं झालं. जड, गार, ओलं कापड आतून ओढत न्यावं तसं.

"आली का?"

"आली!" मी ओरडलेच.

"कुठवर?"

"अंगठ्यापर्यंत... टोकापर्यंत आली!"

बाहेर पडवीत पितळी पेला खणकन पडला.

सुया निघाल्यावर मी धावत बाहेर आले. पार्वतीबाईच्या पातळावर चहा सांडला होता. ती उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत होती. डॉक्टर म्हणाले, "पेला गरम असेल." पेला मी उचलला. माझ्याच बोटांना कळलं, तो कोमट होता.

बाकावरच्या बायांनी पाय आखडले. दोघींपुरती वाट.

"पार्वतीबाई, मी..."

"न्या," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण राग नव्हता. "तुमची पाळी हाय. आवणीच्या वक्ताला तेवढी धाडा परत. सून एकली हाय."

परतीच्या बसमध्ये खिडकीची गार सळई मी घाटभर बोटांनी चाचपत होते. शेजारची जागा स्वारगेटपर्यंत रिकामी राहिली. बसमध्ये माणसं उभी होती, तरी तिथे कुणी बसलं नाही.

घरी आले आणि कामाला लागले. सगळा ज्येष्ठ महिना शिवण्यात घालवला. बोटाला सुई लागली की दुखायचं, आणि दुखलं की मी हसायचे. प्रवासाचं हे सगळं मास्तरांना सांगितलं, तेही हसले. माणूस घाबरला की काहीही ऐकतो, असं मीही मनाला समजावलं.

मग आषाढ लागला. श्रावणाच्या मंगळागौरींचे ब्लाउज ढिगाने पडले होते. खोटं कशाला बोलू, मला ती धाडायची नव्हती. आठ दिवस मी टाळलं. पण जेवायला बसले की ती भाकरी थापणारी बाई डोळ्यांपुढे यायची, आणि चिखलात एकटी वाकलेली सून, जिला मी कधी धड पाहिलंही नव्हतं. एका सकाळी दार लावून घेतलं, उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "जा बाई."

काही झालं नाही. स्वतःचंच हसू आलं. सुईत दोरा ओवला, पांढरा ब्लाउज घेतला आणि काजं करायला बसले. दुसरं काज संपता संपता कापडावर लाल ठिपका दिसला.

दुखलं नव्हतं.

मी सुई टाचण्यांच्या उशीत खोचली आणि ठिपका पाण्याने धुतला. न्यायची परवानगी पार्वतीबाईने दिली होती, धाडायची वेळही सांगितली होती. ती मला पुन्हा कधी मिळेल, हे विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.