फरशीत पुरलेले खांब

चाकणजवळच्या आमच्या घराचा भार सगळा लाकडावर होता. सागाचे सहा खांब, त्यांवर तुळया, वर आढं, वासे आणि कौलं. भिंती मातीच्या, नुसत्या आडोशाला. एकदा मागची भिंत बसली तेव्हा पावसाळाभर आम्ही तरटं बांधून राहिलो. छप्पर हललं नाही. प्रत्येक खांब घडीव दगडावर उभा होता. दगड जमिनीच्या वीतभर वर, म्हणून लाकडाला ओल लागत नसे.

नवऱ्याला लकवा झाला आणि खाटेवरच सगळं करायची वेळ आली. मुलगा भोसरीला कंपनीत. म्हणाला, "आई, सारवत किती दिवस बसशील? आबांसाठी फरशी करू." त्यानं भर टाकून जमीन उचलली. दगड खाली गाडले गेले, खांबांभोवती सिमेंट बसलं.

"आता खांब जाम धरलेत बघ," तो खुशीत म्हणाला.

मलाही बरं वाटलं. घाण झाली की बादलीभर पाणी ओतून धुवायचे. ते पाणी खांबाच्या कडेनं आत जाऊन तिथंच राहायचं.

पुढं चौकट कलली, दार लागेना. खाटेजवळचा खांब बुडाशी काळा पडला होता. विळ्याचं टोक लावलं तर पातं सरळ आत गेलं. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "आबा, भोसरीला चला. घर कधी बसेल सांगता येत न्हाई."

"मी हितंच मरणार," नवरा म्हणाला. बोलणं अडखळत होतं, शिव्या मात्र साफ यायच्या.

"मरा की," मी म्हटलं, "पर ती कौलं माझ्याबी डोक्यात पडतील, त्याचं काय?"

भोसरीला न्यायला खाट उचलली तेव्हा नवऱ्यानं चांगल्या हातानं खांब धरला. मी एकेक बोट सोडवलं.

घर कुणाच्या अंगावर यायला नको म्हणून मुलानं पाडायला जेसीबी आणला. त्यानं एकच धक्का दिला. खांब फरशीपाशी मोडले. वरचं लाकूड लोखंडासारखं होतं, कुजलं होतं ते खालचं वीतभर. मुलगा तिथंच उकिडवा बसला.

"आई, मीच पाडलं गं."

"व्हय," मी म्हटलं. "ऊठ आता. ते तिकडं खोलीवर एकटे हायत."

भोसरीच्या खोलीत नवरा भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. आम्हा दोघांशी बोलत नाही. भरवलं की खातो.