देवळापुढे वाकलेली मुलं

फोन आला तेव्हा मी आरमोरीच्या बसस्टँडवर गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहत होते. दवाखान्यात उंदीरवाडे सरांनाच भेटायला निघाले होते. "काकू, येऊ नका... बाबा गेले," त्यांची मुलगी म्हणाली. गाडी आली, भरली, निघून गेली. मी बाकावर तशीच बसून राहिले. रडू आलं नाही, नुसता थकवा आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

सर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, मी ग्रंथपाल. वीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी ते काउंटरशी येऊन म्हणाले, "बाई, जपाननं कोरियात बांधलेल्या देवळायवर पुस्तक भेटन का?" मला वाटलं, थट्टा करताहेत. पण आदल्या आठवड्यात ते मुलांचं शिबिर घेऊन वरोऱ्याजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेले होते. तिथं पाहुणी आलेली एक वृद्ध कोरियन बाई दुभाष्यामार्फत त्यांच्याशी बोलली. ती लहान असताना तिच्या देशावर जपानचं राज्य होतं. गावच्या टेकडीवर जपान्यांच्या शिंतो धर्माचं देऊळ होतं आणि शाळेतल्या मुलांना रांगेनं नेऊन तिथं वाकायला लावत. तिचे वडील ख्रिस्ती शिक्षक. त्यांनी वाकायला नकार दिला, तुरुंगात गेले, तिथंच वारले. ती मात्र वाकत राहिली. "त्यांना कळलं असेल का?" तिनं सरांना विचारलं.

तेव्हापासून सरांनी तो विषय सोडला नाही. मी नागपूरहून, दिल्लीहून पुस्तकं मागवायची. ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचे. परदेशी गेलेल्या जपानी व्यापाऱ्यांनी आधी आपल्यापुरती देवळं बांधली, मग तैवानात, कोरियात सरकारच ती उभारू लागलं आणि जिंकलेल्या लोकांनाही तिथं हजर राहावं लागलं... हे ते मला कितीदा तरी सांगत. "सरकार म्हने, हा धर्म नाईच, हे कर्तव्य हाये. धर्म असता तं माणूस म्हनला असता, माहा येगळा हाये. कर्तव्याले नाई कसं म्हनाव, बाई?"

विद्यापीठानं प्रबंधाचा आराखडा तीनदा परत पाठवला. स्टाफरूममध्ये कुणी विचारी, "सर, धानाच्या मुलखात बसून जपानची देवळं काऊन खोदून राह्यले?" सर हसत. पुढे पुढे हसेनासे झाले. निवृत्तीनंतरही लिहीत होते. जपान हरला, पुजाऱ्यांनी विधी करून देव परत पाठवले, लोकांनी कितीतरी देवळं जाळली... तिथवर येऊन थांबले.

शेवटच्या भेटीत खाटेवर उठून बसले. "तिसरीत होतो. मास्तर देवाच्या तसबिरीपुढं हात जोडाले लावे. माह्या बाबानं बुद्धाची दीक्षा घेतली होती. म्हनले, तू जोडू नको. मास्तरनं नुसतं माह्याकडे पाह्यलं, अन् मी जोडले. घरी सांगतलं, नाई जोडले. बाबा अख्ख्या वस्तीत सांगत फिरले, माहा पोरगा वाकला नाई..." मग परत आडवे झाले. "कोनाले सांगतलं नाई, बाई. बायकोलेही नाई."

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. हे आपल्यापाशी ठेवावं की नाही, कळेना. शेवटी सरांच्या पत्नीला, वहिनींना, सांगून टाकलं. त्या दचकल्या नाहीत. सासऱ्यांना त्या मामाजी म्हणत.

"मामाजीले त्याच आठवड्यात मास्तरनं सांगतलं होतं. मरताना मले म्हनले, पोराले कधी बोलू नको, भ्याला होता तो."

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं?"

"ते सोता सांगतीन म्हनून वाट पाहून राह्यली होती."

मग त्यांनी सरांची खोली उघडली. टेबल भिंतीला लावलेलं, पण खुर्ची स्वयंपाकघराकडे वळलेली. वहिनी म्हणाल्या, "शेवटी शेवटी असेच बसत. माह्याकडे पाहत. रोज काई तरी सांगाले तोंड उघडत... अन् मंग चहा मागत."