घरासोबत आलेली सूर्यचूल

अकोल्याच्या जुन्या शहरात बाबांनी घर घेतलं ते भिंती पाहून नाही, गच्चीवरची सूर्यचूल पाहून. आरशासारखी लखलखीत थाळी आणि मधोमध भांडं ठेवायला कडी. "सरपन नाही, धूर नाही. उन्हावर वरन शिजते," घरमालक म्हणाला, आणि चूल घरासोबतच देऊन टाकली. आईला तिथंच शंका आली. पण आमच्या गावात उन्हाला काय तोटा! बाबांनी दुसरं घर पाहिलंच नाही.

वैशाखात त्यांनी तुरीचं वरण लावलं. सूर्य सरकला की थाळीही वळवायची, म्हणजे माणूस तिथंच पाहिजे. भर दुपारी अकोल्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि आमचे बाबा डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, असे गच्चीवर उभे! आईनं खालून विचारलं, "वरन शिजून राहिलं, का तुमी?"

दोघंही शिजले. बाबांना ऊन लागलं आणि पन्ह्यासाठी आईनं कैऱ्या उकडल्या, त्या लाकडाच्या चुलीवर.

बरे होताच बाबा जुन्या मालकाकडे गेले. तो दोन गल्ल्या सोडून राहायला गेला होता. सावलीत बसून ती चूल चालवायची काही युक्ती असेल, ही आशा. दार त्याच्या बायकोनं उघडलं. सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाली,

"आमचे हे ते चूल फेकू देत नव्हते, भाऊ. म्हनून मी चुलीसकट घरच इकाले लावलं."