खांद्याला न कळणारं काडतूस

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ जादा धक्क्यात आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या अंबरनाथ-बदलापुरात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. धक्का म्हणजे बंदुकीचा. बार उडाला की दस्ता मागे येऊन खांद्यावर आदळतो, तो. पण साडूंनी या मापाने सगळी सृष्टीच मोजायला घेतली आहे. एमआयडीसीच्या रस्त्यावर आमची रिक्षा खड्ड्यात आपटली की मी देवाचं नाव घेतो आणि हे शांतपणे म्हणतात, "फॅक्टरीचं काडतूस. याहून जास्त नाही." एका लग्नात धिप्पाड व्याह्यांनी त्यांना प्रेमाने मिठी मारली, तेव्हा सुटका झाल्याबरोबर ते माझ्या कानाशी लागले, "भरणा जास्त झालाय, पाहुणे. निम्म्यात काम झालं असतं."

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळून साडू निवृत्त झाले आणि बदलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांचा छंद जुना. बारवीच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी नेमबाजीची एक रेंज आहे. तिथे यंत्रातून बशीएवढी मातीची तबकडी हवेत भिरकावतात आणि ती जमिनीवर यायच्या आत छर्ऱ्यांनी फोडायची असते. दर रविवारी साडू तबकड्या फोडायचे आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, सावलीत डबा घेऊन बसायची. मी तिला ताईच म्हणतो. वर्षानुवर्षं डबा सांभाळल्यावर एके दिवशी ताई उठली आणि म्हणाली, "द्या बघू इकडे." साडूंनी रेंजच्या क्लबची रीतसर परवानगी काढून तिच्या हाती बंदूक दिली. तबकडी सुखरूप खाली आली. ताईचा खांदा मात्र वांग्यासारखा जांभळा झाला. पुढे कितीतरी दिवस वरच्या फळीवरचा डबा काढायला शेजारणीला बोलवावं लागलं. "मला फोडायची होती हो एक तरी," ती घरी येताना म्हणाली, "पण ही मेली माझ्याच अंगावर येते."

दुसरा नवरा असता तर म्हणाला असता, राहू दे, आपलं ते काम नव्हे. साडूंनी घरी काडतुसं भरायचं यंत्र आणलं.

बाजारात मिळतात ती काडतुसं पैलवानांच्या खांद्यासाठी असतात, असं त्यांचं म्हणणं. आपण हलकी भरायची. रिकाम्या नळकांडीत खाली ठिणगी देणारी नवी टोपी, मग दारू, मग एक गादी, वर थोडे कमी छर्रे, आणि शेवटी तोंड मुडपून बंद. सांगायला एवढंच, पण साडू प्रयोगशाळेतले. सगळे परवाने काढून झाल्यावर मागची खोली कुलपात गेली, देवघरातली समई घराच्या दुसऱ्या टोकाला गेली, पंखा बंद, फोन बाहेर. जोखायचा काटा बरोबर आहे ना, हे पाहायला ते तो घेऊन उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका सिंधी सराफाकडे गेले. सराफाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "क्या तौलना है, साईं? सोना कि चांदी?" साडूंनी खिशातून छर्ऱ्यांची पुडी काढली. सराफाने एक छर्रा चिमटीत धरून उजेडात पाहिला, परत ठेवला आणि म्हणाला, "साईं, इसकी तो चेन भी नहीं बनेगी."

इकडे सोसायटीत, मागच्या खोलीत दारू करतात, अशी बातमी पसरली. सेक्रेटरी चौकशीला आले. ते रागाने आले होते की आशेने, हे अजून उलगडलेलं नाही. पण ती दारू कोणती हे कळल्यावर चहा अर्धा टाकून गेले.

पहिली खेप घेऊन आम्ही रेंजवर गेलो. माणसावर प्रयोग नको म्हणून साडूंनी बार स्वतःच टाकला. "फुस्स" असा, टाचणी लागलेल्या फुग्यासारखा आवाज झाला. तबकड्या उडवणारा पलीकडच्या पाड्यावरचा शेतकरी यंत्रामागून डोकावला. "सायेब, बार निंगाला का नाय अजून?" साडूंनी बंदूक बिजागरीतून उघडली, नळीत काही अडकलंय का ते आरपार पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. नळी केव्हाच मोकळी होती. आमच्याकडे तोंड कसं करावं, हा प्रश्न होता.

दोष तोंड मुडपण्यात होता. ते सैल राहिलं की दारू धड पेटत नाही. साडू टेबलावर काडतुसं मांडून खिन्न बसले असताना ताईने एक उचलून निरखलं आणि खदखदून हसली. "अहो, हा मोदक उकडताना फुटणार! कळ्या एकसारख्या नकोत का?" मग दोघंही चष्मे लावून त्या यंत्राशी बसली. ते यंत्राचा दांडा ओढायचे, ती तोंड तपासायची. "हा नापास." "अगं, बरा आहे की!" "गणपतीपुढे ठेवाल का असला?" साडू निमूटपणे काडतूस बाजूला ठेवायचे. मला चहा विचारायचीही शुद्ध दोघांना नसायची.

मग तो रविवार आला. ताईने पदर खोचला, बंदूक खांद्याला लावली. साडू तिच्या मागे उभे राहून सूचना देत होते. अखेर ती म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसाल का?" तबकडी उडाली. बार झाला. आणि आभाळात जिथे तबकडी होती तिथे नुसता काळा धुरळा. "फुटली वं मावशी!" यंत्रामागून आरोळी आली. ताई खांदा चाचपत वळली. "अहो, कळलंसुद्धा नाही मला!" साडू उगाचच खाली पडलेली नळकांडी शोधू लागले. ती त्यांच्या पायाशीच होती.

त्यानंतरचे रविवार मजेचे गेले. मग गेल्या वर्षी साडूंच्या हाताला कंप सुटला. एकदा दारू जोखताना काट्याचं पारडं थांबेना. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी स्वतःच सगळं नीट आवरलं, यंत्रावर ताईची जुनी साडी पांघरली आणि खोलीचं कुलूप काढून टाकलं. आता भरलेली थोडीच काडतुसं उरली आहेत. मुलाने बाहेरून तसली हलकी मागवून देतो म्हटलं, तर ताई म्हणाली, "बघू पुढे."

परवा त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो होतो. ताईने बंदूक जोडली, डबी उघडली, एक काडतूस हातात घेऊन त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवून दिलं.

"आज नको. वारा फार आहे."

"वारा कुठे आहे?" साडू म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"आहे. तुम्हाला लागत नाही," असं म्हणून तिने त्यांच्या हातातला हिंदकळणारा चहाचा कप अलगद खालून धरला. साडूंनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो गं. आहे खरा."